काकाने ओतलेलं पाणी

माझा काका आंधळा होता आणि घरात सगळ्यात कमी कुरकुर करणाराही तोच. बाबा भिंतींना चुना मारायचे, काका खाली पिंपाशी बसून ढवळायचा. काठीच्या जडपणावरून सांगायचा, "दादा, पातळ झालाय. लोक म्हणतील, आपण त्यांनाच चुना लावला."

त्याचे डोळे चुन्यानेच गेले होते. माझ्या जन्माआधीची गोष्ट. पिंपात खदखदणारा चुना उसळून तोंडावर आला. काका "पाणी, पाणी" म्हणून ओरडत होता. कुणीतरी आणलेली बादली बाबांनी लाथाडली. पाणी पडलं की चुना उकळतो, मग डोळ्यात काय करेल? धंद्यातले सगळे हेच मानत, आणि बाबांचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी तेल घातलं, फडकं बांधलं, मग दवाखाना. तोवर बुबुळं पांढरी पडली होती. "मी जीव तोडून केलं, त्याचं नशीबच फुटकं," असं बाबा येईल त्याला सांगायचे. काका शेजारी बसून ऐकायचा.

गेल्या वर्षी एका शाळेत शिडीवरचा डबा कलंडला आणि चुना थेट बाबांच्या डोळ्यांत. मी जेवण घेऊन तिथे गेले होते. बाबा किंचाळले, "तेल आण! पाणी नको!" मी रडायलाच लागले. काका आवाजाच्या रोखाने धावला आणि मानगूट धरून त्याने बाबांना नळाखाली वाकवलं. बाबा शिव्या घालत होते, लाथा झाडत होते. माझ्या त्या गरीब काकाने त्यांच्या पाठीत गुडघा रोवला. मला म्हणाला, "पापण्या फाक. रडतेस काय!" गाडीतही तो बाटलीने पाणी ओततच होता.

दवाखान्यात पुन्हा धुतलं, पापण्यांआडचे चुन्याचे कण काढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक डोळा अधू राहील. दुसरा वाचला, तो लगेच पाणी ओतलंत म्हणून."

बाबांनी काकाकडे तोंड वळवलं.

"तुला पाण्याचं कुणी सांगितलं?"

"माझ्या वेळच्या नर्सने."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू पुन्हा ब्रश धरला असतास? खाणार काय होतो सगळे?"

मला दोघांचाही संताप आला. एकाच्या हट्टापायी आणि दुसऱ्याच्या गप्प बसण्यापायी धंद्यातल्या आणखी कितीजणांच्या डोळ्यांत तेल गेलं असेल!

बाबा लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. काकाने चाचपडत त्यांचा चेहरा शोधला.

"रडू नको, दादा," तो म्हणाला. "आत्ताच औषध घातलंय, वाहून जाईल."