दरीत उतरणारा

मोताळ्याहून बुलढाण्याला कामावर जाताना मी घाटमाथ्यावरच्या टपरीवर चहाला थांबायचो. तिथं एक म्हातारा बसलेला असायचा. बसल्या बसल्या तो टपरीच्या ताडपत्रीची दोरी ओढून बघायचा, गाठ पक्की आहे ना म्हणून. दरीत गाडी पडली की कमरेला विहिरीचा दोर बांधून खाली उतरणारा या भागातला पहिला माणूस तोच. आता हेल्मेट घातलेली पोरं येतात. त्यांनाही गाठी यानंच शिकवल्या.

एकदा मी विचारलं, "बाबा, तुम्ही वाचवलेले लोक पुढं कधी भेटतात का?"

"भेटत असतीन. मी कोनाले नावच इचारत नाही."

"का बरं?"

"पयल्या वक्ती एका पोरीले इचारलं होतं. तिनं सांगतलं, अन् अर्ध्या चढावर माह्या खांद्यावरच गेली." त्यानं दोरी पुन्हा ओढली. "नाव मालूम झालं का मानूस लय जड होते, साहेब."

परवा त्याची जागा रिकामी होती. ताडपत्रीचं एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडत होतं.

"गेला म्हातारा," चहावाला म्हणाला आणि त्याचं नाव सांगू लागला. मी हातानंच त्याला थांबवलं.