घागरीला पाडलेलं भोक

आत्याची घागर मी फोडली, असं आमच्या घरात म्हणतात. ते साफ खोटं आहे. मी तिला फक्त भोक पाडलं. तेही स्वतः नाही, दुसऱ्याकडून पाडून घेतलं, कारण माझ्या हातून भिंतीत खिळासुद्धा सरळ जात नाही.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला. सासरच्यांनी माहेरी परत पाठवलं ते तिला आणि तिच्या लग्नात मिळालेल्या एका तांब्याच्या घागरीला. वडील गेल्यावर ती आम्हा दोघा भावांच्या वाटणीला आली. सहा महिने डोंबिवलीत कोपरला माझ्याकडे, सहा महिने ठाण्याला नौपाड्यात धाकट्याकडे. याला आम्ही ‘आत्याची बदली’ म्हणायचो. ती ऐकते आहे हे माहीत असून म्हणायचो.

घागर मात्र कायम माझ्याकडे, कारण धाकट्याच्या नव्या स्वयंपाकघरात तिला जागा नव्हती. आत्या इथे असली की रोज सकाळी चिंच लावून ती घासायची, भरायची आणि दिवसभर त्यातलंच पाणी प्यायची. या जगात तिच्या मालकीची तेवढी एकच वस्तू होती. खाटेपासून चष्म्यापर्यंत बाकीचं सगळं आम्ही दिलेलं, आणि ते आम्ही तिला फारसं विसरू देत नसू.

तर, माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि मी जाहीर केलं, की हॉलच्या दारात पाहुण्यांवर शिंपडायचं गुलाबपाणी मी घरी काढणार. नोकरी सुटून वर्ष झालेलं. दिवसभर मोबाईलवर दाढीवाले परदेशी लोक तांब्याच्या चकचकीत यंत्रांतून फुलांचे अर्क काढताना बघायचो आणि म्हणायचो, यात आहे काय? एक भांडं, एक नळी, थंड पाण्याची बादली. बायको म्हणाली, बाजारात बाटली मिळते. मुलगी डोळे मिटून बसली.

पहिला प्रयोग कुकरवर केला. शिट्टीच्या जागी रबरी नळी खोचली. जे पाणी आलं त्याला गुलाबाचा कमी आणि तुरीच्या वरणाचा जास्त वास होता. बायकोनं ते आमटीला वापरू का, असं विचारलं. मग मी ठरवलं, तांबंच पाहिजे.

विठ्ठलवाडीला एसी दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडून तांब्याची नळी आणली. ती बादलीत बसेल अशी गोल गोल वळवायची असते. त्यानं बजावलेलं, की आधी आत कोरडी वाळू भरा, नाहीतर नळी चिमटेल. वाळू कुठून आणणार म्हणून मी बारीक मीठ भरलं. नळी झकास वळली. मीठ मात्र आतच घट्ट बसलं. दोन दिवस मी नळीत फुंकर मारत गॅलरीत बसलो होतो. समोरच्या इमारतीतले लोक मी शंख वाजवायला शिकतोय असं समजत होते.

राहिलं भांडं. पोट मोठं आणि गळा अरुंद असं तांब्याचं भांडं हवं होतं, आणि ते ओट्याखाली होतं. आत्या तेव्हा नौपाड्यात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी.

“अहो, विचारा तरी त्यांना,” बायको म्हणाली.

“अगं, तिला दिसतंय कुठे?” मी म्हणालो.

हा विनोद मला इतका आवडला, की मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. धाकट्यानं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे चार चेहरे पाठवले. आत्या त्याच्याच घरात, डोळ्याला पट्टी लावून पडलेली होती.

कल्याणच्या जुन्या बाजारात एक तांबट आहे. त्यानं घागर उलटसुलट करून पाहिली आणि सरळ सांगितलं, की हिला हात लावायचं कारणच नाही. गळ्यावर टोपण बसवून देतो, टोपणाला नळी जोडतो, फट राहील ती कणकेनं लिंपा. काम झालं की टोपण काढा, घागर पुन्हा पाण्याला मोकळी. शहाणा माणूस होता. पण मोबाईलवरच्या यंत्रांना खांद्यावर तापमापकाची गोल तबकडी असायची, आणि मला ती हवी होती. ती असली की यंत्र यंत्रासारखं दिसतं. पाणी कुठल्या अंशाला उकळतं हे आम्हाला सातवीत शिकवलेलं, त्यासाठी तबकडी लागत नाही. हे मला तेव्हा आठवलं नाही.

तबकडीसाठी खांद्याला भोक पाडायचं आणि भोकाभोवती पुरीएवढी तांब्याची चकती झाळून जोडायची, असं ठरलं. चकती बसायला खालची जागा घासून साफ करावी लागते. तांबटानं बोट ठेवून दाखवलं, की इथे नाव कोरलेलं आहे, घासलं तर जाईल. पूर्वी लग्नात दिलेल्या भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी मुलीचं नाव घालायचे, तसं ते होतं. आत्या नव्हती म्हणून घागर महिनाभर घासलेली नव्हती, काळी पडलेली. मी चष्मा वर करून पाहिल्यासारखं केलं.

“जुनंच काहीतरी आहे,” मी म्हणालो. “घासा.”

अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

यंत्र दिसायला खरोखर देखणं झालं. मी त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. पहिल्या दिवशी निघालेलं गुलाबपाणी नळीतल्या मिठामुळे खारट होतं. दुसऱ्या दिवशीचं हिरवट. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दार वाजवून, हातभट्टी लावलीत का, असं फार नम्रपणे विचारून गेले. चौथ्या दिवशी बायकोनं बाजारातून बाटली आणली आणि फ्रीजवर ठेवली.

आणि पाचव्या दिवशी धाकटा आत्याला सोडायला आला. ऑपरेशन उत्तम झालेलं. तिला आता सगळं दिसत होतं.

ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याजवळ थांबली. पुढे होऊन तिनं तबकडीवर नख वाजवलं.

“हे घड्याळ कसलं?”

मी सांगितलं, आतलं पाणी किती तापलंय ते कळतं.

“उकळलेलं पाणी दिसत नाही का तुला?” ती म्हणाली. “मोतीबिंदू मला होता.”

धाकटा हसला. मीही हसलो, आमच्याकडे अशा वेळी हसतात. आत्याचं बोट चकतीच्या कडेवरून एकदा पूर्ण फिरलं आणि थांबलं. मग तिनं सांगितलं, की ती ही घागर माझ्या मुलीला देणार होती. रुखवतात ठेवायला, तिच्याकडून. देण्यासारखं तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. पोरीच्या बारशालाच तिनं हे ठरवलेलं आणि लग्नाच्या दिवसापर्यंत कुणाला बोलायचं नाही, असंही. बायको हातातलं भांडं घेऊन बाहेर निघून गेली. धाकट्याला अचानक ठाण्यात काम आठवलं.

मी ती घागर दुसऱ्या दिवशी कल्याणला नेली. तांबटानं चकती काढायची, भोक बुजवायचं, सगळी घागर उजळून द्यायचं कबूल केलं. तो म्हणाला, डाग कळणारसुद्धा नाही. नाव मशीननं पुन्हा कोरून देतो, काय घालायचं ते सांगा.



आत्याचं नाव मला माहीत होतं. आधार कार्डावर होतं, ऑपरेशनच्या कागदांवर होतं. पण ते सासरचं. लग्नात तांदळात लिहून नवऱ्यानं ठेवलेलं. घागर माहेरची होती आणि तिच्यावरचं नाव त्याच्या आधीचं, तिच्या आईबापांनी ठेवलेलं. वडील तिला ताई म्हणायचे, आम्ही आत्या, आमच्या मुली आत्याआजी. मी तांबटाला विचारलं, तुम्ही घासलंत, तुम्हाला आठवतंय का?

“साहेब, तुमच्या घरची बाई,” तो म्हणाला. “मला काय विचारता?”

धाकट्याला फोन केला. त्याला वाटलं मी कोडं घालतोय. गावाकडच्या एका चुलतभावाला केला, त्यानं तीन नावं सांगितली, तिन्ही दुसऱ्याच बायकांची निघाली. शेवटी घरी आलो. आत्या गवार मोडत बसलेली. समोर स्टूल घेऊन बसलो, दोन-चार शेंगा मोडल्या, त्याही चुकीच्या. मग म्हणालो, घागर अगदी पूर्वीसारखी होतेय, फक्त नाव तेवढं सांग.

तिनं शेंगेचा दोर काढला. दुसरीचा काढला.

“घासायच्या आधी वाचायचं होतंस,” ती म्हणाली.

मी म्हणालो, चुकलो. म्हणालो, पोरीसाठी तरी सांग. त्यावर तिनं जे सांगितलं ते रागानं नव्हतं. त्या नावानं हाक मारणारं शेवटचं माणूस तिची आई होती, आणि ती जाऊनही पन्नासच्या वर वर्षं झाली. त्यानंतर तिला ते नाव कुणी विचारलं नाही, आज मी विचारतोय ते मशीनवाला खोळंबलाय म्हणून. एवढं बोलून तिनं मी मोडलेल्या शेंगा वेचून बाजूला काढल्या. मी तांबटाला कळवलं, कोरीच द्या.

लग्नाच्या दिवशी रुखवताच्या टेबलावर घागर अशी चमकत होती, की पाहुणे तिच्यात बघून केस सारखे करत होते. खाली मुलीनं चिठ्ठी लावलेली, ‘आत्याआजीकडून’. आत्या बाजूच्या खुर्चीवर, नवीन लुगड्यात. मुलीची सासू रुखवत बघत बघत तिथे आली. बाई मनमोकळ्या होत्या. त्यांनी घागर उचलून वजन पाहिलं, फिरवून पाहिली.

“सुरेख आहे हो. यावर तुमचं नाव नाही घातलं?”

मी आत्याच्या मागेच उभा होतो. मला वाटलं, आता सांगते. मला तर ते हवंच होतं, दोनशे माणसांत झाली असती ती शोभा चालली असती, पण त्यात ते नाव तरी कानावर पडलं असतं.

“आमच्याकडे नाही घालत,” आत्या म्हणाली.

“नवी घेतलीत वाटतं?”

“हो, नवीच. ह्यानं करून आणली.” आणि तिनं मान न वळवता, खांद्यावरून अंगठ्यानं मला दाखवलं.

विहीणबाईंनी हात जोडून माझं कौतुक केलं. हल्ली म्हाताऱ्या माणसांचं इतकं कोण करतं, म्हणाल्या. मी नमस्कार केला आणि, छे छे, त्यात काय, असं म्हणालो.