राजीनामा, दिल्लीतला

होळीच्या दिवशी, भर दुपारी, गाझियाबादला मित्राकडे जेवून मी गाडी चालवत सरोजिनी नगरला परत येत होतो. प्यालो होतो. भांग नव्हे, दारू; आणि थोडी नव्हे. आमच्या क्वार्टरच्या वळणावर एका सायकलरिक्षाला धडक दिली. रिक्षावाल्याचं मनगट मोडलं. पोलिसांनी मला नळीत फुंकायला लावलं, ठाण्यात नेलं, संध्याकाळी जामिनावर सोडलं. केस उभी राहिली.

केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर मी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. वडील गावच्या शाळेत शिपाई, घंटा द्यायचे. माझी पदवी त्यांनी देवघराशेजारी टांगली आहे. ते म्हणायचे, "बडतर्फ होतो तो नोकर. राजीनामा देतो तो माणूस." ते वाक्य होळीनंतर डोक्यातून जाईना.

केस झाली की ऑफिसला लगेच लेखी कळवायचं, असा नियम. मी तीन आठवडे कळवलं नाही. त्याऐवजी राजीनामा लिहून खिशात घेऊन हिंडत होतो. रोज वाटे, आज देऊ. रोज तसाच परत येई. क्वार्टर जाणार, पेन्शन जाणार. पण कोणी काढून टाकायच्या आत आपण उठून गेलो, एवढं तरी राहील.

एकदा जेवताना मी घरात सांगून टाकलं, "बडतर्फ होण्यापेक्षा राजीनामा बरा."

"बाबा, बडतर्फ म्हणजे टर्मिनेट ना?" दिल्लीत जन्मलेल्या मुलीने विचारलं. तिला शब्द समजावून सांगावा लागला.

ती उठून गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला राजीनामा द्यायचाय की मिरवायचाय?"

"माझी इज्जत आहे काही."

"होती. होळीच्या सकाळपर्यंत."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब लखनौचे, माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे. उभ्या उभ्या सगळं सांगितलं: दारू, रिक्षा, मनगट, केस. मग घसा साफ करून म्हणालो, "सर, मैं राजीनामा देना चाहता हूँ।"

साहेबांचा चेहरा उजळला. "बिल्कुल! राज़ीनामा हो जाए तो अच्छा ही है। पीने वाला केस तो चलेगा, पर कुछ वज़न कम होगा। रिक्शेवाले से बात हुई? मान गया?"

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड, दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद. नोकरी सोडतात त्याला म्हणतात इस्तीफा. बावीस वर्षं दिल्लीत काढली, हजारो फायली हातावेगळ्या केल्या, आणि हा शब्द मी गावाहून आणला तसाच वापरत होतो.

"अरे यार, मिले तो हो ना उससे?" साहेबांनी विचारलं.

नव्हतो भेटलो. तीन आठवड्यांत त्या माणसाचा हात मला एकदाही आठवला नव्हता. आठवली ती देवघराशेजारची पदवी.

खिशातला कागद न काढताच बाहेर पडलो. रिक्षावाला मार्केटच्या कोपऱ्यावर सापडला. स्वतःच्याच रिक्षाच्या गादीवर बसला होता, हात प्लास्टरमध्ये. मला पाहून अंग चोरून सरकला.

"बैठना है तो बैठ जाइए, बाबूजी। पर आज चला नहीं पाऊँगा।"

त्याने मला ओळखलंच नव्हतं. मी कोण ते सांगितलं. त्याने प्लास्टरमधला हात थोडा वर उचलला. मग एवढंच म्हणाला, "दाहिना हाथ है।"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मैं नौकरी छोड़ रहा हूँ।" हे ऐकून त्याला काय वाटेल अशी माझी कल्पना होती, देव जाणे.

त्याने गादीवर शेजारी डाव्या हाताने थापटलं. "तो आइए। दोनों बैठेंगे।"

मी बसलो नाही. माफीही मागितली नाही.

राजीनाम्याचे दुसऱ्या दिवशी तुकडे केले. केस झाल्याचं पत्र लिहिलं, तारीख खरी घातली, तीन आठवड्यांच्या उशिरासकट. साहेबांनी ते फायलीला लावलं. आता काढतील तेव्हा काढतील. वडिलांच्या हिशेबात मी त्या दिवशी नोकर झालो. गावी हे अजून कळवलेलं नाही. रिक्षावाल्याकडे पुन्हा गेलो नाही. जायला हवं, हे रोज ठाऊक असतं, आणि रोज मी घरी जायला दुसरं वळण घेतो.