चाचांचा हुंकार

जगात मन लावून ऐकणारा एकच माणूस उरला आहे आणि तो धानोऱ्याच्या आठवडी बाजारात शिलाई मशीन घेऊन बसतो, असं मी दोन वर्षं भेटेल त्याला छातीठोकपणे सांगत होतो. चाचा मूळचे घुग्घुसचे. साठी उलटलेला हा शिंपी एका गावात चार दिवस टिकेल तर शपथ! आज हा बाजार, उद्या तो. मशीन जीपवर चढवली की निघाले. बसले तरी स्वस्थता नाही. सुईखाली कापड नसलं तरी पाय आपला मशीन चालवतोच आहे. तोंडात कायम टाचण्या, आणि त्या टाचण्यांच्या फटीतून येणारा हुंकार मात्र ज्याला त्याला त्याच्या मापाचा. मी वरोऱ्याचा, म्हणून मला 'हव'. सिरोंच्याकडच्या तेलुगू मिरचीवाल्याला 'अवुनु'. शेजारी चारोळी विकणाऱ्या गोंड म्हातारीला 'इंगो'. पुण्याहून आलेल्या एका अधिकाऱ्याला त्यांनी नाकातून असं काही 'हो का' म्हटलं, की तो गरज नसताना दोन पायजमे शिवायला टाकून गेला. लांबवलेला हुंकार म्हणजे पुढे बोला, तुटका म्हणजे आता पुरे. मला नेहमी लांबच मिळायचा. माझं रडगाणंही तेवढंच लांब होतं: वरोऱ्याला आई एकटी, मी इथे कारकुनी करतोय आणि बदलीचा पत्ता नाही.

मग हुंकार इकडचे तिकडे होऊ लागले. मिरचीवाल्याला 'इंगो', मला 'अवुनु'. खिसे डावीकडचे उजवीकडे गेले. आमच्या साहेबांनी तोकड्या बाह्या सांगितल्या होत्या, त्या बोटांपर्यंत आल्या. बाजारालाही लागण झाली. मिरचीवाला गिऱ्हाइकांना बिनदिक्कत 'इंगो' म्हणू लागला आणि म्हातारी 'अवुनु'.

एकदा मी चाचांच्या पाठीमागे उभा राहून सांगितलं, की बदलीचा अर्ज परत आला. हुंकार नाही. समोर जाऊन तेच सांगितलं, तर लगेच 'हव'. माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी आवाज न काढता नुसतेच ओठ हलवले. चाचा हळहळून म्हणाले, "हव सायेब, सरकारी काम असंच रायते." मग माझा चेहरा त्यांनी पाहिला आणि तो पाय पहिल्यांदा थांबला. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"कोणाले सांगू नका सायेब. कान गेले समजलं तं माप देवाले कोण येईन?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. कोण जाणे कधीपासून माझं दुःख त्यांच्या कानात शिरतच नव्हतं, आणि मी मात्र दर आठवड्याला हलका होऊन घरी जात होतो. पण तो हलकेपणा काही खोटा नव्हता, म्हणून राग टिकला नाही. त्या दिवसापासून मी त्यांचा बिनपगारी पहारेकरी झालो. चाचा हल्ली विसरतात, खिसा खडूने दाखवा, असं गिऱ्हाइकांना सांगत फिरायचो. म्हातारीलाही सांगायला गेलो, तर ती चारोळी निवडता निवडता हसली.

"त्याले आयकू नाई येत, साऱ्या बाजाराले मालूम हाये. माह्या घरी साऱ्याइले आयकू येते सायेब. पन मले इंगो कोणी म्हणत नाई."

म्हणजे सगळा बाजार चाचांचं गुपित चाचांपासूनच लपवत होता. मीही गुपचूप त्यात सामील झालो.

यंदा बदलीचा हुकूम आला. ज्याच्यासाठी जीव टाकत होतो ते मिळालं, आणि निघायच्या दिवशी पाय बाजाराकडे वळले. ओठ नीट दिसतील असा मी समोर उभा राहिलो. जातो चाचा, एवढंच म्हणायचं होतं. आवाज न काढता मी नुसतेच ओठ हलवले. त्यांना त्यानं काय फरक पडणार होता?

"इंगो," चाचा म्हणाले.

माझ्या वाट्याचा नव्हता तो, पण चांगला लांब होता. पुढे बोला, असा. बस लागली होती, सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी मी तिथेच उभा राहिलो.