ताळेबंद खालून वाचणारे नाना

आमच्या कोपरी गावचे नाना कोणताही कागद खालून वर वाचत. लग्नाची पत्रिका आली तरी आधी निमंत्रकाचे नाव बघत, मग नवरानवरीचे. "सही कुणाची ते आधी बघावं. मजकूर काय, कुणीही लिहितो," असे म्हणत. आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल करायचो.

ते ठाण्यातल्या एका बँकेत हिशेबनीस होते. अमेरिकेतल्या लढाईने कापूस महागला होता आणि मुंबई तेव्हा त्या पैशाने पिसाळली होती. रोज नवी बँक निघे आणि माझ्यासारखे कचेरीतले कारकूनही शेअरांचे भाव तोंडपाठ म्हणत. माझी विधवा ताई माझ्याकडे राही. तिच्या नवऱ्यामागे उरलेले बाराशे रुपये मी तिच्या नावाने नानांच्या बँकेत मुदतीवर ठेवले होते. ते गेले असते तर तिला जन्मभर माझ्यापुढे हात पसरावा लागला असता.

नानांचा दुसरा छंद म्हणजे एक प्रश्न. मिठागराचा मुकादम म्हणाला, कळव्याकडून पैसे येणे आहेत, की नाना विचारत, "येणं आहे ते कळलं. येणार कुणाकडून?" मुकादम मग त्यांना टाळू लागला.

एका दुपारी त्यांनी माझ्या ओटीवर तीन बँकांचे छापील ताळेबंद पसरले. त्यांत त्यांच्या बँकेचाही होता, खाली हिशेबनीस म्हणून त्यांचीच सही असलेला.

"हे बघा भाऊराव. आमचं येणं हिच्याकडून. हिचं येणं तिसरीकडून. आणि तिसरीचं येणं आमच्याकडून! तिघी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या आहेत, जमिनीवर पाय एकीचेही नाहीत."

"मग साहेबांना सांगा की."

"सांगितलं. साहेब म्हणाले, बेरजा जुळतात ना? मग झालं. ताईंचे पैसे काढा तुम्ही."

मी हसलो. "मुंबईचे सगळे शेठ वेडे आणि तुम्ही एकटे शहाणे होय?"

नानांनी कागद गोळा केले आणि ते गेले.

चार दिवसांनी मी कचेरीत असताना ते घरी आले. ठेवीच्या पावतीच्या पाठीवर ताईचा अंगठा उठवून पावती घेऊन गेले. आठवड्याने रोख बाराशे रुपये त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवले आणि सांगितले, "बँक ठेवी परत करतेय." मी भडकलो. चांगले चढे व्याज बुडाले म्हणून त्यांच्याशी बोलणेच सोडले.

महिनाभराने एका सकाळी बँकेच्या दाराला कुलूप दिसले. दुपारच्या गाडीने बातमी आली की उरलेल्या दोघीही बसल्या. आमचे वकील, ज्यांचा आवाज कोर्टाबाहेर ऐकू येई, रस्त्यातच मटकन खाली बसले. मी मात्र निर्लज्जासारखा मनात म्हणत होतो, आपले निघाले, सुटलो.

काही महिन्यांनी, ज्यांचे पैसे बुडाले त्यांची यादी त्याच दारावर लागली. टिंगल करता करता नानांची सवय मलाही लागली होती. मी खालून वाचायला लागलो. पहिलेच नाव नानांचे. पुढे रक्कम बाराशे, आणि शेरा: ताईच्या नावची पावती, पाठीवर अंगठा करून यांस दिलेली.

मी शेजारी उभ्या असलेल्यांना विचारले. बँकेने मुदतीआधी कुणाचीही ठेव परत केली नव्हती. नानांनी आपली कोलशेतची भातजमीन विकून ते बाराशे दिले होते. साऱ्या कोपरीला ते ठाऊक होते, फक्त मला नव्हते, कारण मी रुसलो होतो.

नोकरी गेल्यावर नाना कल्याणला एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडे वह्या लिहीत होते. मी तडक तिथे गेलो.

"नाना, हे काय केलंत?"

"ताळेबंदाखाली सही माझी होती. ती बघून तुम्ही पैसे ठेवलेत. सगळ्यांचं काही माझ्यानं झेपलं नसतं."

मला रडू आवरेना. "मी फेडीन. थोडे थोडे करून सगळे फेडीन."

नानांनी आपली वही ओढली, शेवटचे पान उघडले आणि बोट खालून वर नेत नेत सगळे पान वाचले.

"भाऊराव," ते म्हणाले, "माझ्या वहीत तुमच्याकडून काही येणं नाही."