न विझलेले ठिपके

प्रयोगशाळेत त्याला सगळे थंडोबा म्हणत. बावीस वर्षं द्रव नायट्रोजन ओतण्यात गेलेली, आणि स्वभावही तसाच, कितीही डिवचलं तरी न तापणारा. पोलादी निर्वात भांड्यात नखाएवढा निकेलचा स्फटिक. तो गोठवून त्यावर किंचित हायड्रोजन सोडला, की अणू धातूला चिकटून शिस्तीत बसतात; अर्ध्या जागा भरलेल्या, अर्ध्या रिकाम्या. डोळ्यांना ते दिसत नाही. इलेक्ट्रॉनचा झोत मारला की पडद्यावर मोठ्या ठिपक्यांच्या मधोमध फिकट, बारके ठिपके उमटतात, तीच त्यांची खूण.

ते ठिपके अखेर मिळाले. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी शोधलेखावर आपल्या नावाखाली थंडोबाचंही नाव घातलं. बायकोने तो कागद देवापाशी ठेवला. "बावीस वर्षं गारठलात, पाहिलं हो देवाने एकदाचं!"

महिनाअखेर सर निवृत्त होणार होते, यंत्र मोडीत जाणार होतं. तेवढ्यात लेख तपासणाऱ्या परीक्षकाचं पत्र आलं.

"विचारतोय, हे ठिपके ऑक्सिजनचे कशावरून नाहीत? तोही असाच बसतो म्हणे," सर हसले. "सोपं आहे रे. स्फटिक गरम होऊ दे. हायड्रोजनची रांग शून्य अंशाला पोचण्याआधीच मोडते, ऑक्सिजनची टिकते. ठिपके विझले की आपण सुटलो. तोंड का पडलंय तुझं?"

"काही नाही, सर."

वर्षापूर्वी वायूच्या नळीचा सांधा उघडला तेव्हा तो हवाबंद करणारी तांब्याची नवी चकती शिल्लक नव्हती. चकती एकदाच वापरायची असते. आवळताना तिच्यावर वण उठतो, तो पुन्हा नीट जुळत नाही. त्याने जुनीच उलटी करून बसवली. बाहेरची हवा, तिच्यातल्या ऑक्सिजनसकट, कणाकणाने हायड्रोजनमध्ये मिसळली असती तरी मापकाला पत्ता लागला नसता. नवी चकती आली, बदलायची मात्र राहून गेली; ठिपके दिसले ते त्यानंतरच.

ठिपके पुन्हा उमटवून त्याने नायट्रोजन थांबवला. उणे ऐंशी. उणे चाळीस. जे दिसावेत म्हणून देवाला साकडं घातलं होतं, तेच विझावेत म्हणून तो आता मनात नाव घेत होता. उणे दहा. शून्य. वीस. ठिपके जागच्या जागी, उलट मघापेक्षा ठळक.

"अजून तापव," सर म्हणाले.

दोनशे अंशांवरही ठिपके ढिम्म.

"सर, चकती जुनी होती. मीच बसवली."

सर स्टुलावर बसले. म्हणाले, "म्हणजे हायड्रोजन आपल्याला कधी दिसलाच नाही." रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन त्याने देवापाशी ठेवलेला कागद उचलला.

"अहो, राहू द्या की तिथे!"

"खोटं आहे ते. इथे नको."

कागद कपाटात टाकून तो हात जोडून उभा राहिला. पण मागावं असं काही उरलंच नव्हतं.