सिंधूच्या चहाला येणारं पाणी

आमच्या गल्लीतल्या नागूबाईंनी एकाच चुलीपुढे बसून तीन जिल्हे पाहिले. लग्न होऊन उदगिरात आल्या तेव्हा गाव बिदर जिल्ह्यात होतं. मग ते उस्मानाबादेत गेलं आणि आता लातूर नावाचा नवा जिल्हा झाला. राज्यं बदलली, जिल्हे बदलले, पण नागूबाईंचं एक मत काही बदललं नाही. ते म्हणजे, आपली सून सिंधू पांढऱ्या पायाची आहे.

सिंधू बहात्तरच्या दुष्काळात देगलूरहून लग्न होऊन आली. तिने माप ओलांडलं आणि त्याच आठवड्यात परसातल्या आडाने तळ दाखवला. त्या साली मराठवाड्यात पाणी शिल्लक राहिलेला आड शोधावा लागत होता. पण नागूबाईंच्या हिशेबी बाकीचे आड दुष्काळाने आटले होते आणि त्यांचा आड सिंधूने आटवला होता. पुढच्या वर्षी पाऊस झाला, आड भरला. त्याचं श्रेय मात्र सिंधूच्या पायांना मिळालं नाही. ते नागूबाईंच्या सोमवारांना मिळालं.

एकदा शिक्का बसला की पुरावे आपोआप गोळा होतात. घरात म्हैस आणली तेव्हा सिंधूला स्वयंपाकघरातून बाहेर यायला मनाई होती. म्हैस तरीही आजारी पडली. "आतून शिंकली असंल," नागूबाई म्हणाल्या. लग्नकार्यात इतर सुना नटूनथटून पुढे बसायच्या आणि सिंधू मांडवामागे कांदे सोलायची. तिचा नवरा बसलिंगप्पा मोंढ्यात मापाडी होता. दिवसभर ज्वारी-तूर मापायचा आणि घरी आल्यावर आईपुढे तोंडातून दाणा काढायचा नाही.

सिंधूला एकच चैन होती, चहाची. पण घरी तिला सकाळच्या चोथ्याला पुन्हा उकळी देऊन केलेला चहा मिळायचा, तोही कान तुटलेल्या कपात. तो कप पदराने धरून ती इतक्या चवीने प्यायची की बघणाऱ्याला वाटावं, आत बासुंदी आहे.

जिल्हा नवा झाल्यावर आता पाणीही नवं येईल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. पावसाने एकामागून एक वर्षं दगा दिला आणि नळ तिसऱ्या दिवशी, तोही दुपारनंतर, यायला लागला. चारच्या सुमारास, असं नगरपालिकेचं म्हणणं. बायका तीनपासूनच घागरी, हंडे, डालड्याचे डबे रांगेत लावून आपापल्या ओट्यावर बसायच्या आणि नळ यावा म्हणून जिला जे जमेल ते ती करायची. कुणी नळाची तोटी उजवीकडून डावीकडे फिरवायची, तर कुणी रिकाम्या घागरीत एक तांब्या पाणी ओतायची, म्हणजे पाण्याला पाण्याची ओढ लागते. मी स्वतः नळाकडे पाठ करून बसायचे. बघत बसलं की तो येत नाही, असा माझा अनुभव होता.

अशाच एका दुपारी सिंधू पार्वतीबाईंकडे विरजण परत द्यायला गेली. पार्वतीबाई म्हणजे गल्लीच्या कारभारीण. भांडण असो की बारसं, त्यांच्यावाचून सुरू होत नसे. त्या दिवशी त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाल्या, "बस गं, चहा घे घोटभर."

सिंधू ओट्यावर बसली. बशीतला पहिला घोट घेतला आणि कोपऱ्यावरचा नळ खोकला. दुसऱ्या घोटाला धार लागली.

पुढच्या पाळीला ती हाजराबीच्या ओट्यावर बसली होती. हाजराबी ब्लाउज शिवायची, आणि मशीन थांबवलं की चहा टाकायची. सिंधूने कप तोंडाला लावला आणि नळ आला. तिसऱ्या वेळीही तेच झालं, तेव्हा पार्वतीबाई कंबरेवर घागर धरून रस्त्यातच उभ्या राहिल्या.

"अगं बया! ही चहा पिली की पाणी येतंय!"

"मैं तो पहले दिन से देख रही," हाजराबी म्हणाली. खरं तर पहिल्या दिवशी ती मशीनवर मान घालून बसली होती.

झालं. दुसऱ्या दिवसापासून सिंधूला आमंत्रणं यायला लागली. पाण्याचा वार नसला तरी यायची, कारण पाण्याचं काय सांगावं. अशा कोरड्या दिवसांत तिने प्यायलेले चहा कुणी लक्षात ठेवले नाहीत. हाजराबीचं म्हणणं, वेलची घातली की धार जाड येते. पार्वतीबाईंचं म्हणणं, कपाने पाणी येतं, पण बशीने टिकतं. मध्ये सिंधू दोन दिवस माहेरी गेली, तर नळ दिवेलागणीला आला. मग तर कुणाला शंकाच उरली नाही.

शंका होती फक्त निवृत्ती गुरुजींना. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून गल्लीतल्या पोरांना फुकट गणितंही शिकवायचे आणि अंगारे-धुपाऱ्यांवर त्यांचा मनस्वी राग होता.

"पाणी टाकीतून येतं," ते म्हणाले. "टाकीला सिंधूताईंचा चहा कसा दिसंल? प्रयोग करून बघा ना."

प्रयोग झाला. पाण्याच्या दिवशी गुरुजींनी सिंधूला घरात बसवलं, दार लावलं आणि चहा दिला. बाहेर सगळी गल्ली कान लावून उभी. चहा संपला, नळ आला नाही.

गुरुजी विजयी चेहऱ्याने बाहेर आले. "बघितलं? सिद्ध झालं का न्हाई?"

"काय सिद्ध झालं?" पार्वतीबाई म्हणाल्या. "तुमच्या चहात दूध हाय का? सिंधे, होतं का दूध?"

"नावाला होतं," सिंधू लाजून म्हणाली.

"हां! नावाच्या दुधाला नावाचं पाणी."

पार्वतीबाईंनी तिला ओट्यावर बसवलं, आपल्या घरून दाट चहा आणून हातात दिला आणि नळ धो धो आला. गुरुजी "योगायोग, योगायोग" म्हणत आपली बादली घेऊन रांगेत लागले. पुढच्या वेळी मात्र त्यांच्या घरून सिंधूला आलेल्या चहात साय तरंगत होती. "विश्वास न्हाई आपला," गुरुजी मला म्हणाले, "पण पाहुण्याला चहा चांगला द्यायला काय हरकत हाय?"

सिंधूचं मात्र सोनं झालं. पांढऱ्या पायाची म्हणून जिला मांडवामागे बसवायचे, तिला आता ओट्यावर चटई अंथरून बसवू लागले. नागूबाईंना हे पटत नव्हतं. "ज्या पायांनी आड आटवला ते नळ आणतेत व्हय?" असं त्या म्हणायच्या आणि आपली घागर रांगेत पुढे सरकवायच्या.

खरी गोष्ट सिंधूलाच आधी कळली. एकदा व्हॉल्व्ह उघडणारा महेबूब हाजराबीच्या ओट्याच्या कडेला बसला होता. लोखंडी चावी मांडीवर आडवी ठेवलेली. सिंधूच्या हातात कप आला तसा तो उठला, कोपऱ्यावरचं झाकण उचललं आणि चावी फिरवायला लागला. सिंधू कप घेऊनच त्याच्यामागे गेली. मीही घागरीच्या निमित्ताने जवळ सरकले.

"महेबूबभाई, मी चहा प्यायला लागले की तुम्ही उठता, हे काय?"

"मग काय करू, भाभी? घड्याळ बंद पडलंय माझं. त्या दिवशी बघतो तर तुम्ही पार्वतीबाईंच्या ओट्यावर चहा पिऊन राहिलाय. म्हटलं, चार वाजले. तवापासून तुमच्यावरच चाललंय."

"आणि मी न्हाई प्याले तर?"

"तर मला कसं कळणार, चार वाजले म्हणून?" महेबूबने निरागसपणे विचारलं.

सिंधूने कपातला चहा आधी संपवला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "वहिनी, कुणाला सांगू नका. दोन वेळचा चांगला चहा मिळून राहिलाय."

मीही सांगितलं नाही. सांगून माझं पाणी लवकर येणार होतं का?

असंच चाललं असतं, पण लातूरहून बोअरची गाडी आली. गल्लीला बोअर मंजूर झाली होती. आमच्याकडे अशी गाडी लागली की आधी पायगुणाच्या सवाशिणीच्या हातून जागेला हळदकुंकू लावून नारळ फोडतात. कुणाच्या हातून, हे विचारायची गरजच नव्हती.

पार्वतीबाई नारळ घेऊन नागूबाईंच्या दारात आल्या. सिंधूचा चेहरा पडला.

"मला नको," ती म्हणाली. "दुसरी कुणी बघा."

"का गं? एवढा मान मिळून राहिलाय!"

सिंधू काय सांगणार? महेबूबच्या चावीला तिचा चहा चालत होता. जमिनीला थोडाच चालणार? बोअर कोरडी गेली तर नारळ तिच्या हातचा असणार होता. बहात्तरचा आड पुन्हा उकरून काढला जाणार होता. आणि या वेळी शिक्का एका सासूचा नसता, सगळ्या गल्लीचा असता. कांदे सोलायचे डोळे पुसून ती नुकती कुठे चटईवर बसायला लागली होती.

"न्हाईच म्हणती ती, तर कशाला?" नागूबाई आतून म्हणाल्या. "तिच्या पायाचं मला ठावं हाय."

यावर पार्वतीबाईंना चेव आला. "तुमचं ठेवा तुमच्यापाशी. सिंधूच फोडंल!"

सिंधूने नारळ फोडला. पहिला घाव दगडाऐवजी हळदकुंकवाच्या ताटावर बसला. गाडी घरघरू लागली. खालचा दगड फुटून त्याची पांढरी भुकटी वर उडायला लागली आणि सगळी गल्ली तोंडाला पदर लावून वाट बघत उभी राहिली. तास गेला, आणखी एक गेला. पाइपमागून पाइप आत गेले. पाण्याचा टिपूस नाही, नुसती भुकटी. शेवटी गाडीवाल्याने मशीन बंद केलं आणि हात हलवला.

घरघर थांबली तसा हाजराबीच्या शिलाई मशीनवर चालू राहिलेला रेडिओ ऐकू यायला लागला. सिंधू खाली मान घालून उभी होती. सगळे तिच्याकडे बघत होते. मग गर्दीत मागून कुणीतरी पुटपुटलं, "नागूबाई पहिल्यापासून सांगून राहिली होती. त्या घरातच कायतरी हाय. आड आटलेलं घर ते."

सिंधूपर्यंत होतं तोवर ठीक होतं. 'त्या घरात' म्हटल्यावर माना नागूबाईंकडे वळल्या. नागूबाईंनी सवयीने पायांकडे पाहिलं, या वेळी स्वतःच्या. त्यांची पावलं घोट्यापर्यंत पांढरीफटक झाली होती. पार्वतीबाईंची पण. सगळ्या गल्लीचे पाय पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे.

नागूबाईंनी पाय लुगड्यात ओढून घेतले आणि काठी आपटत पुढे आल्या.

"माझ्या घराचं नाव कोण घेतंय गं? आँ?" त्या म्हणाल्या. "आणि सुनेकडे काय बघता? तिला चहा कुणी पाजला?"

जी ती दुसरीकडे बघू लागली.

"बोला की! पार्वते, नारळ घेऊन मिरवत आलीस, चहा दिलास?"

पार्वतीबाईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला. "गडबडीत... न्हाई दिला."

"हाजरा, तू?"

"मला वाटलं, पार्वतीने दिला असंल."

"सकाळधरनं कोरड्या तोंडानं उभी केली पोरीला, आणि पाणी मागतेत!" नागूबाईंचा आवाज चढला. "मसाल्यावाचून वरण झालंय का कधी?"

गल्लीला एकदम उलगडा झाला. "हाव की!" "चहाच न्हाई!" "ऐनवेळी कसं सुचलं न्हाई!" जो तो दुसऱ्याला दोष देऊ लागला. गुरुजीसुद्धा म्हणाले, "तसं पाहिलं तर प्रयोगाच्या अटी सारख्या न्हवत्या." हाजराबी धावत जाऊन चहा घेऊन आली, वेलची घातलेला. सिंधूने भुकटीने माखलेल्या हातांनी कप धरला. ती पिणार, एवढ्यात गर्दीतून महेबूब डोळे चोळत उठला.

"चार वाजले वाटतं," तो म्हणाला आणि चावी घेऊन कोपऱ्याकडे निघाला.

त्या दिवशी नळ आला, इतका आला की बायकांनी आधी पाय धुतले आणि मग घागरी भरल्या. बोअर कोरडी गेली हे संध्याकाळपर्यंत कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. राहिलं एवढंच, की बोअरला चहा द्यायचा राहून गेला.

पुढच्या पाळीला मी नळाकडे पाठ करून बसले होते, त्यामुळे नागूबाईंचं दार मला समोरच दिसत होतं. पार्वतीबाई कप घेऊन निघाल्या, तेवढ्यात नागूबाई उंबऱ्यावर आल्या.

"राहू दे तुझा. दुसऱ्याच्या चहावर माझ्या सुनेनं का पाणी आणावं?" त्या म्हणाल्या. मग आत वळून हाक मारली, "सिंधे, भाईर ये. हितं बस, सगळ्यांना दिसंल असं."

सिंधू येऊन ओट्यावर बसली. नागूबाईंनी तिच्या हातात चहा दिला. ताज्या पत्तीचा होता, वास माझ्यापर्यंत आला. आणि कपाला कान होता.

सिंधूने तो दोन बोटांत धरला. धरायची सवय नव्हती म्हणून थोडा हिंदकळला. पलीकडे महेबूब चावी उचलून तयारच बसला होता. पण सिंधूने लगेच कप तोंडाला लावला नाही. आधी फुंकर मारत, सासूकडे बघत, तिने गल्लीला थोडी वाट बघायला लावली.

"पी की गं लवकर," नागूबाई म्हणाल्या. "घागर रिकामी हाय माझी."